गुलाब घेताना फूल सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरासमोर साधारण 4 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद मातीची पट्टी आहे, शिवाय बाल्कनीत दोन-तीन कुंड्या बसतात. गेल्या वर्षी नर्सरीतून फुलांनी लगडलेली दोन रोपं आणली. पहिला बहर ओसरल्यावर एक वाळलं. दुसऱ्याला तळातून लांबच लांब काटेरी फांद्या फुटल्या, पण कळी काही धरली नाही. आता नवीन रोपं घ्यायची तर कोणती? लाल रंग आणि वास, दोन्ही हवं.

आधी त्या न फुलणाऱ्या रोपाचं बोलू, कारण निवडीचं निम्मं गणित त्यातच आहे. बाजारात मिळणारा मोठ्या फुलाचा गुलाब बहुधा कलमी असतो. खाली रानटी, काटक गुलाबाचा खुंट आणि त्याच्या सालीत भरलेला हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला अंकुर. तो डोळा फुटतो, वाढतो, आणि आपण ज्याला झाड म्हणतो ते सगळं त्या एका डोळ्यातून आलेलं असतं. मुळं मात्र खुंटाची. वरचा भाग अशक्त झाला की खुंट स्वतःच्या फांद्या फेकायला लागतो, आणि त्या इतक्या जोमदार असतात की वरच्या जातीच्या वाट्याला काही उरत नाही. तुमच्याकडे हेच झालं असणार. खुंट मल्टिफ्लोरा या रानटी जातीचा असेल तर त्याला वर्षातून एकदाच, जुन्या फांद्यांवर, बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात. अमेरिकेत 'डॉक्टर ह्यूई' नावाचा गडद लाल वेली गुलाब खुंट म्हणून फार वापरला गेला. तिकडे पिवळ्या गुलाबाला अचानक लाल फुलं यायला लागली की समजायचं, वरचं कलम गेलं आणि खालचं वर आलं.

खुंटाची फूट ओळखायला 'सात पानांची फांदी कापा, पाच पानांची ठेवा' असा एक नियम सर्रास सांगितला जातो. त्यावर भरवसा ठेवू नका. आजच्या कितीतरी चांगल्या जातींना एकाच फांदीवर पाच आणि सात, दोन्ही प्रकारची पानं येतात, आणि या नियमापायी लोक चांगल्या फांद्या छाटून टाकतात. बोटाने माती बाजूला करा, खुंट आणि कलम जुळतात तो सांधा शोधा आणि फांदी नेमकी कुठून निघाली ते बघा. सांध्याच्या खालून निघाली असेल तर ती खुंटाची. ती वरवर कापू नका, बुडाशी धरून खाली ओढून उपटा, म्हणजे तिच्या तळाशी असलेले डोळेही निघून जातील. सांध्याच्या वरून निघालेला जाड, तांबूस, रसरशीत कोंब मात्र सोनं आहे. पुढची दोन-तीन वर्षं झाड त्याच्यावरच फुलणार असतं.

म्हणूनच नर्सरीत माझी नजर आधी सांध्यावर जाते. मातीपासून दोन-चार बोटं वर, खुंट आणि फांदी मिळते तिथे एक गाठ दिसते. ती भरलेली, घट्ट, सगळीकडून साल चढलेली हवी. एका बाजूला काळपट खाच असेल, खुंटाचा छाटलेला तुकडा कुजून तपकिरी झाला असेल, किंवा बोटाने दाबल्यावर साल हलत असेल, तर वर कितीही देखणं फूल असलं तरी ते रोप तिथेच ठेवावं. कलम बांधताना गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी पुष्कळदा तशीच राहते आणि खोड जाड होऊ लागलं की सालीत रुतते. रोप बाकी चांगलं असेल तर घ्या, पण घरी आल्या आल्या ब्लेडने ती पट्टी उभी चिरून काढा.

सांध्याच्या वर किमान दोन, शक्यतो तीन फांद्या हव्यात, पेन्सिलीएवढ्या जाड आणि वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या. एकाच बारीक काडीच्या टोकाला भलंमोठं फूल असलेलं रोप नवखा ग्राहक हमखास उचलतो. ते फूल त्या काडीने उसनं आणलेलं असतं: नर्सरीत भरपूर खत, योग्य सावली, वेळच्या वेळी पाणी. तुमच्या घरी आल्यावर साठा संपतो आणि काडी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. वाळलेल्या रोपाचं असंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

मग पानं उलटी करून बघा. वरून फिकट बारीक ठिपके आणि खालच्या बाजूला धूळ बसल्यासारखं, कधी तलम जाळं दिसलं तर लाल कोळी आहे. कडा पिसारलेले काळे डाग आणि भोवती पिवळेपणा, हा काळ्या ठिपक्यांचा रोग. कोवळ्या शेंड्यावर पिठासारखी पांढरी बुकटी म्हणजे भुरी. हे तिन्ही आटोक्यात येतात, तरी पैसे देऊन घरी कशाला आणायचे? दोन गोष्टींवर मात्र इलाज नाही. एक, पानावर पिवळ्या वेड्यावाकड्या रेघांची नक्षी: तो विषाणू असतो, कलमातून येतो आणि झाडात कायमचा राहतो. दुसरी, सांध्याजवळ किंवा मुळावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत गाठ. ती जिवाणूंमुळे होते आणि त्या झाडाबरोबर जिवाणू तुमच्या मातीत उतरतात.

मुळं बघायला पिशवी फाडू देणार नाहीत, पण खोड बुडाशी धरून अलगद वर उचला. मातीचा गड्डा बरोबर उचलला गेला तर मुळं धरलेली आहेत. खोडच डुगडुगलं तर रोप नुकतंच पिशवीत भरलंय. पिशवीच्या भोकांतून दोरीसारखी जाड मुळं बाहेर पडून जमिनीत घुसली असतील तर रोप फार दिवस तिथे पडून आहे. उचलताना ती मुळं तुटतात आणि महिनाभर रोप मान टाकून बसतं. थंड प्रदेशात झोपेच्या काळात मातीशिवाय, उघड्या मुळांची रोपं विकतात. ती चांगलीच असतात, फक्त साल सुरकुतलेली नको आणि मुळं वाकवल्यावर कडकन मोडायला नकोत. लावण्याआधी काही तास मुळं पाण्यात बुडवून ठेवावीत.

फुलाकडे बघायचं ते यानंतर, आणि तेही जात खरी आहे का हे ताडण्यासाठी. चिठ्ठीवर 'लाल गुलाब' एवढंच लिहिलं असेल तर तुम्ही काय घेताय ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. जातीचं नाव असलेलं रोप घ्या. नाव कळलं की उंची, वास, रोगाला किती बळी पडतं, हे सगळं आधी शोधता येतं.

आता जागा. गुलाबाला रोज किमान 6 तास थेट ऊन लागतं. तेवढं नसेल तर पानं येतील, फुलं मोजकी येतील. त्यातही सकाळचं ऊन मोलाचं, आणि त्याचं कारण नुसता उजेड नाही. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पानात शिरायला पान सलग सुमारे 7 तास ओलं राहावं लागतं. सकाळी लवकर ऊन आलं की दव वाळतं आणि बुरशीची वेळ भरत नाही. दुपारी सावली आली तर उष्ण भागात उलट बरंच, गडद लाल पाकळ्यांच्या कडा करपत नाहीत. तुमच्या पट्टीच्या मागे भिंत असेल तर भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे लावा. भिंतीलगत हवा कोंडते आणि भिंतीची धग लाल कोळ्याला फार मानवते.

प्रकारांबद्दल लोक सर्वात कमी विचार करतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. फुलवाल्याकडचा लांब दांडीचा, एका दांडीवर एकच मोठं फूल असा गुलाब म्हणजे हायब्रिड टी. 1867 सालच्या 'ला फ्रान्स'पासून या वर्गाची सुरुवात मानतात. फूल देखणं, यात वाद नाही. पण झाड उभट, तळाशी उघडंबोडकं, आणि फुलल्यावर पुढची फुलं यायला हवामानाप्रमाणे साधारण सहा ते आठ आठवडे. मधल्या काळात तुमच्यासमोर काट्यांची जुडी उभी. फुलदाणीसाठी गुलाब हवा असेल तर हायब्रिड टीला पर्याय नाही. बाग भरलेली दिसायला हवी असेल तर फ्लोरिबंडा घ्या. फुलं थोडी लहान, पण घोसाने येतात, एक घोस संपेपर्यंत दुसरा तयार असतो, आणि झाड झुडपासारखं भरतं. जर्मनीच्या कोर्डेस यांचा 1958 चा पांढरा 'आइसबर्ग' आजही जगभर लावला जातो तो याचमुळे. वास बेताचा, काटे कमी, छाटणी चुकली तरी रागावत नाही. दमट आणि गार हवेत मात्र त्याला काळे ठिपके पडतात, हे धरून चला. दोन्हींच्या मधला वर्ग ग्रँडिफ्लोरा. 1954 चा गुलाबी 'क्वीन एलिझाबेथ' त्यातला पहिला. माणसाच्या उंचीच्या वर जातो, त्यामुळे अरुंद पट्टीत पुढच्या ओळीला लावला तर मागचं काहीच दिसणार नाही.

काहीच निगा राखायला वेळ नाही असं म्हणणाऱ्यांसाठी 2000 साली बाजारात आलेला 'नॉक आउट' आहे. विल्यम रॅडलर यांनी तो काळ्या ठिपक्यांना दाद न देणारा म्हणूनच निवडला होता. रंग झकास, वास जवळजवळ नाही. तुम्हाला वास हवाय म्हणून मी तो तुम्हाला सुचवणार नाही. डेव्हिड ऑस्टिन यांचे 'इंग्लिश' गुलाब जुन्या वळणाचे, पाकळ्यांनी गच्च भरलेले आणि सुवासिक असतात. पण उष्ण हवेत त्यातले बरेच लांब फांद्या टाकून भलतेच मोठे होतात, आणि 1 मीटरच्या पट्टीत त्यांना आवरणं जिकिरीचं होतं. जुने दमास्क गुलाब वासासाठी उत्तम, पण त्यातले बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात. हे आधी माहीत असलेलं बरं.

लाल आणि सुवासिक, याचं उत्तर देताना एका घराण्याचं नाव घ्यावंच लागतं. 'क्रायस्लर इम्पीरियल' आणि 'शार्ल मालेराँ' या दोन लाल गुलाबांच्या संकरातून तीन नामांकित जाती निघाल्या: 'मिस्टर लिंकन', 'ओक्लाहोमा' आणि 'पापा मेयाँ'. पहिले दोन अमेरिकेतले, तिसरा फ्रान्सचा, आणि तिघेही 1960 च्या दशकातले. तिघांचा वास दाट आहे, स्वभाव मात्र वेगळा. 'पापा मेयाँ'चं फूल काळसर मखमली, तिघांत सर्वात सुंदर, पण भुरी त्याला लगेच धरते. 'ओक्लाहोमा' सर्वात काळपट. 'मिस्टर लिंकन' उंच, जोमदार, दांडी लांब. सुरुवात करणाऱ्याने तिघांतून हाच घ्यावा.

लाल गुलाबांना आता वासच नसतो ही तक्रार खरी आहे. फुलदाणीत जास्त दिवस टिकावा, पेटीतून लांबवर जावा यासाठी ज्या जाती निवडल्या गेल्या, त्यांच्यात वास मागे पडला. 2015 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी सुवासिक 'पापा मेयाँ' आणि जवळजवळ बिनवासाचा 'रूज मेयाँ' यांच्या पाकळ्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. सुवासिक जातीत एनयूडीएक्स-1 नावाचं एक विकर (एन्झाइम) जोरात काम करत होतं, दुसरीत जवळपास थंड होतं. गुलाबाच्या वासातला जिरेनिऑल हा घटक तयार होण्यातली एक पायरी या विकराकडे आहे. तात्पर्य इतकंच की वास जातीत असावा लागतो. नसेल तर कोणतंही खत घालून तो येत नाही. आणि वासाची परीक्षा सकाळी, अर्धवट उमललेल्या फुलावर करा. दुपारी तापलेल्या नर्सरीत सुवासिक गुलाबही मुका वाटतो.

याच कारणाने पुष्पगुच्छातल्या दांड्या लावून गुलाब करायचा नाद सोडा. त्या जाती हरितगृहासाठी तयार केलेल्या असतात, उघड्यावरच्या रोगांशी झुंजण्याची त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. निळ्या गुलाबाचं बी विकणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार. गुलाबात डेल्फिनिडिन हे निळं रंगद्रव्य बनतच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुक बदलून 2009 मध्ये जो गुलाब बाजारात आणला, तोही जांभळटच आहे.

रंगाचा स्वभाव असतो, तोही लक्षात घ्या. गर्द पिवळ्या गुलाबांमागे 1900 सालचा 'सोलेय द'ऑर' आहे. त्याच्यात रोझा फिटिडा या इराणी पिवळ्या गुलाबाचं रक्त आलं आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांची ओढही आली. म्हणून पिवळा निवडताना रोगाबद्दल दोनदा विचारा. पांढऱ्या आणि फिकट फुलांवर फुलकिडे जास्त जमतात, कळीच्या कडा तपकिरी होतात आणि ती उमलतच नाही. 'डबल डिलाइट'च्या मलईसारख्या पाकळ्यांवर लाली चढते ती उन्हामुळे, सावलीत लावलात तर फूल फिकटच राहील. पाकळ्यांची संख्याही बघा: कोरड्या, तापत्या हवेत भरगच्च पाकळ्यांचं फूल जास्त टिकतं, तर दमट आणि पावसाळी जागी तीच कळी चिकटून कुजते. तिथे विशीच्या आसपास पाकळ्या असलेली जात बरी.

कलमी की स्वतःच्या मुळांचा, हा पर्याय समोर आला तर दोन्ही चालतात. फांदी लावून केलेलं रोप पहिली दोन वर्षं हळू वाढतं, पण खुंटाची कटकट नसते, आणि थंडीने वरचा भाग मेला तरी खालून तीच जात परत येते. कलमी असेल तर खुंट तुमच्या मातीला मानवणारा आहे का ते विचारा: आम्लधर्मी, हलक्या जमिनीत मल्टिफ्लोरा चालतो, क्षारयुक्त जमिनीत ओडोराटा, म्हणजे ज्याला बरेच जण नुसतं 'इंडिका' म्हणतात तो, बरा. रेताड आणि सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींचा, त्रास असलेल्या जागी फॉर्च्युनियाना. लावताना सांधा उष्ण भागात मातीच्या वर ठेवा, जमीन गोठते तिथे पाचेक सेंटिमीटर खाली.

तुमच्या पट्टीत मी काय लावलं असतं ते सांगतो. 4 मीटरमध्ये पाच रोपं, सहावं नाही. मागच्या ओळीला, दोन टोकांना 'मिस्टर लिंकन'ची दोन, कारण कापून घरात ठेवायला लाल आणि सुवासिक फूल त्यांच्याकडून मिळेल. पुढे मध्यात एकाच जातीचे तीन फ्लोरिबंडा, 60 ते 75 सेंटिमीटर अंतराने. तीन वेगवेगळ्या रंगांचा मोह होतो, पण एकाच रंगाचे तीन जास्त उठून दिसतात. भिंतीवर वेल चढवायची इच्छा झाली तर 'क्लाइंबिंग आइसबर्ग'चा विचार करा, फक्त त्याच्या लांब फांद्या उभ्या न बांधता आडव्या बांधा. उभ्या बांधल्या तर फक्त शेंड्याला फुलतो, आडव्या बांधल्या तर प्रत्येक डोळ्यातून फूट निघते.

कुंड्यांसाठी मिनिएचर, म्हणजे बुटका, लहान फुलांचा गुलाब. 20 सेंटिमीटरची कुंडी त्याला पुरते, हायब्रिड टीला 30 ते 35 सेंटिमीटर आणि तेवढीच खोली लागते. भेट म्हणून मिळणारी छोटी, फुलांनी भरलेली कुंडी घेतलीत तर आत बहुधा तीन-चार वेगवेगळ्या काड्या दाटीने लावलेल्या असतात. बहर संपला की त्या सोडवून निरनिराळ्या लावा, नाहीतर एकमेकींचं पाणी पिऊन सगळ्याच सुकतात.

नवीन रोपं लावल्यावर पहिल्या कळ्या खुडून टाका. जिवावर येतं, पण त्या काळात मुळं आणि फांद्या तयार व्हायला हव्यात. खतही रोप नवी पालवी टाकेपर्यंत थांबवा.

आता उरलं जुनं काटेरी रोप आणि वाळलेल्या रोपाची जागा. काटेरी रोपाची सांध्याच्या वरची साल नखाने थोडी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर खुंटाच्या सगळ्या फुटी ओढून काढा आणि वरची फांदी निरोगी भागापर्यंत छाटून एक हंगाम संधी द्या. तपकिरी, कोरडं निघालं तर ते झाड आता फक्त खुंट आहे, मुळासकट काढा. गुलाब मेला त्याच खड्ड्यात लगेच नवा गुलाब लावला तर तो बरेचदा खुरटतो. एक तर जागा हातभर सरकवा, नाहीतर दीड-दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा करून जुनी माती बाहेर काढा आणि जिथे गुलाब कधी नव्हता अशा जागची माती, कुजलेलं शेणखत निम्म्याहून कमी प्रमाणात मिसळून, भरा. काढलेली माती दुसऱ्या कुठल्याही फुलझाडाला चालते.